गळक्या काळ्या गाडीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, गॅरेजवाल्या थोरल्यांची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासह ठीक आहे, आणि हे लिहिण्यासाठी कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. वैताग मात्र पुष्कळांनी आणलेला आहे. वकील म्हणाले, "बाई, वैतागाचा उल्लेख मृत्युपत्रात करत नाहीत." मी म्हटले, "मग माझं मृत्युपत्र एका ओळीत संपेल." त्यांनी पेनाला टोपण लावले आणि मला लिहू दिले.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम पहिले. माझे राहते घर, पुढच्या पोर्चसह, माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. ती शाळेची बस चालवते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचा कालवा ऐकते, तिला दाराला कडी लावून बसायला हक्काची जागा हवी. पोर्चच्या फरशीवरचे तेलाचे डाग घराबरोबर जातील. ते निघत नाहीत. सोडा, भुसा, रॉकेल, सगळे करून झाले आहे. जावयांच्या मनात तिथे पांढऱ्या टाइल्स बसवायचे आहे. त्यांनी खुशाल बसवाव्यात, फक्त मला दाखवायला आणू नयेत.

कलम दुसरे. बँकेत जे निघेल ते आणि माझ्या बांगड्या, हेही लेकीला. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे. गॅरेज. गॅरेजबद्दल लिहायचे तर आधी काळ्या गाडीबद्दल लिहावे लागते, कारण एका गॅरेजची दोन गॅरेजे तिच्यामुळे झाली.

माझे यजमान आणि माझे दीर यांनी मिळून हे गॅरेज काढले. गावात त्यांना कोणी नावाने ओळखत नव्हते. थोरले आणि धाकटे, बस्स. जुन्या गाड्यांचे काम करायचे, ज्या गाड्यांचे कारखाने केव्हाच बंद पडले अशा गाड्यांचे. थोरले लेथवर. न मिळणारा भाग ते कातून काढीत. धाकटे खड्ड्यात, गाडीच्या पोटाखाली, जोडणी करीत. मी सुट्या भागांचा कोपरा सांभाळत असे. सील मापाप्रमाणे लावणे, पॅकिंग कापणे, आणि थोरल्यांना चष्मा लागल्यावर बारीक मापे घेणे, हे माझे काम. दोघा भावांचे इतके जमत असे की एकाने हात पुढे केला की दुसरा न विचारता बरोबर तोच पान्हा देई. माझी जाऊ म्हणायची, "आपल्याशी इतकं जमलं असतं तर काय हवं होतं!"

काळी गाडी डॉक्टरीणबाईंची. त्या याच गाडीतून घरोघर रुग्ण पाहायला जात. गाडी तेल गळत होती, इंजिनाच्या मागच्या अंगाने. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते : इंजिनाचा मुख्य दांडा जिथून गिअरबॉक्सकडे बाहेर येतो, तिथे रबराची एक कडी बसवलेली असते. तिला ऑईल सील म्हणतात. तिचा ओठ फिरत्या दांड्याला टेकून राहतो आणि तेल आतच राहते. कडी एवढीशी, पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, सगळे जमिनीवर मांडा. नाकापेक्षा मोती जड.

गाडी उघडली तर जुन्या सीलच्या ओठाने दांड्यावर चर पाडलेला. अशा दांड्यावर नवे सील लावून उपयोग नसतो, चरातून तेल येतच राहते. म्हणून थोरल्यांनी लेथवर कागदासारखी पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, कातली आणि त्या चरावर चढवली. धाकट्यांनी त्यावर नवे सील बसवले. गाडी बाईंना दिली. थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागली. पुन्हा उतरवली, नवे सील. पुन्हा गळती. त्यानंतर एके सकाळी बाई एका बाळंतिणीकडे निघाल्या असताना तेल क्लचवर गेले, चढावर क्लच घसरू लागला, इंजिन नुसते बोंबलते आणि गाडी जागची हलत नाही. बाई बॅग हातात घेऊन चढ चालत चढल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण परत आल्या त्या थेट गॅरेजमध्ये.

थोरले म्हणाले, "सील तिरकं ठोकलंय ह्यानं."

धाकटे खड्ड्यातून म्हणाले, "सील सरळ आहे, दादा. तुझी स्लीव्ह लंबगोल आहे."

"माझ्या लेथवर लंबगोल काही निघत नाही."

"आणि माझ्या हातून तिरकं काही बसत नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिकडे एक बाई कळा देत होती, आणि तुम्ही मला भूमिती शिकवताय?"

त्या हसल्या असत्या तर बरे झाले असते. त्या हसल्या नाहीत. मग दोघा भावांनी एकमेकांची जुनी जुनी कामे काढली. कोणी कोणता बोल्ट मोडला, कोणामुळे कोणते गिऱ्हाईक तुटले. शब्दाने शब्द वाढला. शेवटी थोरले म्हणाले, "तुला मी हाताला धरून शिकवलं, तीच चूक झाली." त्यावर धाकटे खड्ड्यातून वर आले, हात पुसले आणि गेले. येताना गवंडी घेऊन आले.

गवंड्याने मधोमध दोरी धरली आणि विचारले, "दार कुठे ठेवू?"

दोघे एकदम म्हणाले, "दार नको."

त्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले.

भिंत उभी राहिली. लेथ आमच्या बाजूला आला आणि खड्डा त्यांच्या. आता मला कोणी सांगावे, खड्ड्याशिवाय लेथ काय कामाचा आणि लेथशिवाय खड्डा काय कामाचा? गिऱ्हाइकाची गाडी त्यांच्याकडे उघडायची, भाग हातात घेऊन गिऱ्हाइकाने रस्त्यावरून वळसा घालून आमच्याकडे यायचे, कातून घ्यायचे, पुन्हा वळसा. जाऊ आणि मी मागच्या दाराने एकमेकींकडे जात होतो, पण गॅरेजच्या बाबतीत दोघींची तोंडे बंद. समोरचे शिंपी विचारीत, "तुमच्याकडे गाड्या दुरुस्त होतात की फिरायला नेतात?" आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तरी गॅरेजची माझ्या बाजूची जागा, लेथसह, लेकीला मिळावी. भिंतीची माझ्या बाजूची अर्धी जाडी माझ्या मालकीची आहे. माझ्यामागे ती पाडण्यात यावी. वकील म्हणाले, "अर्धी भिंत कशी पाडणार?" मी म्हटले, "बांधताना हा प्रश्न कोणी विचारला नाही."

कलम चौथे. काळी गाडी माझ्या नावावर कशी, याचा खुलासा. भांडणानंतर डॉक्टरीणबाईंनी किल्ली आमच्या खिळ्याला अडकवली. म्हणाल्या, "तुमचं मिटलं की चालती करून आणा." ते मिटले नाही. त्यांनी दुसरी गाडी घेतली. पुढे दवाखाना बंद करून बहिणीकडे राहायला जाताना मला बोलावून कागद हातात दिले. "दोघांपैकी एकाच्या नावावर केली तर दुसरा पेटेल. तुझ्या नावावर केली आहे." मी म्हटले, "बाई, मी काय करू हिचं?" त्या म्हणाल्या, "निदान रागावायला काहीतरी स्वतःचं राहील." त्यांचे म्हणणे खरे ठरले. एवढी वर्षे या गाडीवर जितकी रागावले तितकी माणसांवर रागावले नाही.

गाडी पोर्चमध्ये उभी. उभी असली तरी गळायचीच, कारण थोरले मधूनमधून इंजिन चालू करून ऐकत बसायचे. खाली पुठ्ठा. पुठ्ठा भिजला की नवा पुठ्ठा. किराणावाला माझ्यासाठी खोकी बाजूला काढून ठेवायचा. घरी येणारा प्रत्येक जण, ज्याला टायर कुठला आणि स्टेपनी कुठली हे कळत नाही तोसुद्धा, पुठ्ठ्याकडे बघून म्हणायचा, "जुनी गाडी गळायचीच." जाड तेल घाला, म्हणायचे. बाहेरून काहीतरी चिकट फासा, म्हणायचे. एका पाहुण्याने तर तेलच घालू नका असे सुचवले. माझ्या अंत्यविधीला जो कोणी "जुनी गाडी गळायचीच" हे वाक्य बोलेल, त्याला चहा देऊ नये.

थोरले गेले ते छातीच्या दुखण्याने. शेवटी शेवटी चार शब्दांना धाप लागत असे. तरीही एकदा माझा हात धरून म्हणाले, "स्लीव्ह गोल होती." मी म्हटले, "माहीत आहे. झोपा आता." मला तेव्हा काहीच माहीत नव्हते. माणूस मरायला टेकला आहे आणि त्याच्या तोंडी बायको नाही, लेक नाही, स्लीव्ह आहे, याचा मला इतका संताप आला की रडूसुद्धा नीट आले नाही. धाकटे शेवटपर्यंत दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून होते. आत आले नाहीत. पुढचे सगळे त्यांनी केले, खांदा दिला, धावपळ केली, लेकीला जवळ घेतले. गॅरेजबद्दल अवाक्षर नाही.

कलम पाचवे. हे कलम मालमत्तेचे नाही. पण ते या कागदात राहावे अशी माझी इच्छा आहे, आणि ते गाळल्यास बाकीचे सगळे गाळले असे समजावे.

थोरल्यांच्या मागे मी ठरवले की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. शिंपी, लेक आणि जावई यांनी गाडी ढकलत रस्त्यावरून वळसा घालून धाकट्यांच्या दारात नेली. मी म्हटले, "भाऊजी, खड्डा हवाय."

ते म्हणाले, "खड्डा घ्या. मी काही बोलणार नाही."

आणि खरेच बोलले नाहीत. स्टुलावर बसून राहिले. मी साडीवर थोरल्यांचा जुना कोट चढवला आणि खड्ड्यात उतरले. पण गिअरबॉक्स एकट्या माणसाला उतरत नाही. मी बोल्ट सैल केले आणि वर पाहिले. ते उठले, खाली आले, खांदा लावला आणि गिअरबॉक्स उतरवून घेतली. पुढेही तसेच. मी हात पुढे केला की पान्हा हातात येई, आणि तो बरोबर असे.

सगळे उघडल्यावर मी दांड्याला गोलाई मोजायचा डायल लावला आणि दांडा हळूहळू फिरवला. काटा हलला नाही. स्लीव्ह गोल होती. मग सीलची कड चारी बाजूंनी मोजली. सगळीकडे सारखी. सील सरळ होते. ओठ अखंड होता. दोघांपैकी कोणाचीही चूक नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मग तेल येते कुठून? मी नवे सील लावले, सगळे पुन्हा जोडले, इंजिन चालू केले. खाली पुठ्ठा टाकला. पुठ्ठ्यावर डाग. मी तिथेच खड्ड्याच्या काठावर बसले आणि गाडीला अशा शिव्या दिल्या की समोर शिंप्यांचे मशीन थांबले.

मग रागाच्या भरात, तेल तरी किती उरले आहे बघू म्हणून, चालत्या इंजिनाची तेल मोजायची पट्टी ओढली. ती माझ्या हाताने नव्हे, आपल्या आपणच उडाल्यासारखी वर आली आणि मागोमाग धूर फुसकन बाहेर. म्हणजे इंजिनाच्या पोटात वारा कोंडला होता. इंजिनाला वारा बाहेर सोडायला एक नळी असते. ती इंजिनाच्या मागून खाली रस्त्याच्या दिशेने उघडते. मी तार घेतली आणि नळीत घातली. तार आत जाईना. टोचली, तेव्हा माती पडली. सुकी, गोल गोल, थरांवर थर. कुंभारीण माशीचे घर. डॉक्टरीणबाईंची गाडी कायम दवाखान्यामागच्या झाडाखाली उभी असे, आणि कुंभारीण माशीला असली नळी म्हणजे आयता वाडा. नळी बंद, वाऱ्याला वाट नाही, मग तो जिथे सगळ्यांत मऊ जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकलणार. ती मऊ जागा म्हणजे सील. कितीही सरळ बसवा.

दोन मुरलेले कारागीर. दुसऱ्या कुठल्याही गाडीला त्यांनी आधी नळी तपासली असती. या गाडीत मात्र एकाला स्लीव्ह सिद्ध करायची होती आणि दुसऱ्याला सील. बोनेट उघडून बघायला कोणी मोकळेच नव्हते. एका माशीने चिमूटभर माती आणली आणि माझ्या घरात विटांची भिंत उभी राहिली.

मी ती माती तळहातावर घेऊन धाकट्यांपुढे धरली. म्हटले, "भाऊजी, सील सरळ होतं आणि स्लीव्ह गोल होती. हे बघा काय होतं ते."

त्यांनी मातीकडे पाहिले. मग म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, सील सरळ आहे म्हणून."

"आणि स्लीव्ह?"

ते उठले आणि हात धुवायला गेले. हात आधीच धुतलेले होते.

म्हणून मी इथे लिहून ठेवते, की काळ्या गाडीचे मागचे सील सरळ होते आणि थोरल्यांनी कातलेली स्लीव्ह गोल होती. दोन्ही मी स्वतः मोजली आहेत.

कलम सहावे. माझ्या कोपऱ्यातली सगळी सील, पॅकिंग आणि मापाची हत्यारे गॅरेजमध्येच राहावीत. अपवाद एक. चौकातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने मला "अस्सल, जुन्या साठ्यातलं" म्हणून जी सील विकली, ती सगळी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. लाकडासारखी कडक आहेत, वाकवली की तडकतात. तो डबा माझ्यातर्फे त्याला भेट द्यावा. झाकण उघडून द्यावा. तो म्हणेल, "बाईंनी नीट ठेवली नाहीत." म्हणू द्यावे.

कलम सातवे. गाडी आता पूर्वीसारखी गळत नाही. पण अगदी कोरडी झाली असे कोणी म्हणू नये. सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब असतो. तो इंजिनाचा नाही, गिअरबॉक्सच्या तोंडाचा आहे. मी बोट लावून, वास घेऊन खात्री केली आहे. इतके सगळे करून आता गिअरबॉक्स. माझ्यात पुन्हा खड्ड्यात उतरायची ताकद नाही, आणि तो थेंब मला रोज सकाळी चिडवतो. जो कोणी गाडी घेईल त्याने तो बघावा. शिवाय गाडी आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर काढावी. उभ्या गाडीत सीलचा ओठ वाळतो आणि मग चांगले सीलही फुकट जाते. एक संग्राहक गृहस्थ ती काचेच्या खोलीत ठेवायला मागत होते. त्यांना नाही म्हणून सांगितले आहे, तेच उत्तर कायम.

~~कलम आठवे. काळी गाडी माझे दीर धाकटे यांना मिळावी. त्यांच्याकडे खड्डा आहे, आणि रोज तिच्याकडे बघून त्यांना काहीतरी वाटले तर वाटू दे.~~

वरील आठवे कलम मी स्वतः खोडले आहे, खोडलेल्या जागी माझी सही आहे. कारण पुढीलप्रमाणे.

आज सह्यांसाठी वकील गॅरेजमध्ये आले. साक्षीदार म्हणून शिंपी हजर होते. दुसरा साक्षीदार औषधांच्या दुकानातला, तो आलाच नाही. आम्ही तिथेच उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बोनेटवर कागद पसरून त्याची वाट बघत असताना धाकटे रस्त्यावरून वळसा घालून आले. मी कागद त्यांच्या हातात दिले. वकील म्हणाले, "असं आधी दाखवत नाहीत." मी म्हटले, "मी मेल्यावर दाखवून मला काय समजणार?"

त्यांनी उभ्या उभ्या वाचले. पाचव्या कलमाशी थांबले. तेच पान पुन्हा वाचले. मग खिशातून पेन काढले.

"सही कुठे करायची?"

वकील म्हणाले, "तुम्हाला नाही करता येणार. तुम्हाला गाडी मिळते आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये."

"मग गाडी नको."

मी म्हटले, "अहो भाऊजी, आठवडाभर बसून लिहिलंय मी! आता ते खोडायचं, नवं लिहायचं, मार्जिनमध्ये सह्या करायच्या..."

"खोडा, वहिनी. गाडी पोरीला द्या. तो गिअरबॉक्सचा थेंब मी बघतो. सही मात्र मला करू द्या."

वकील त्यांना समजावू लागले, की साक्षीदार हा मृत्युपत्र करणारीच्या सहीचा असतो, आतल्या मजकुराशी त्याचा संबंध नसतो, मजकूर खरा की खोटा हे त्याने सांगायचे नसते.

धाकटे म्हणाले, "तुमचं ते असेल. माझी मजकुराला आहे."

भिंतीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "काका बघणार असतील तर आणा म्हणावं माझ्या दारात, नाहीतर मला नको." तेव्हा काळी गाडी, कागद आणि किल्लीसह, लेकीला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती बस वेळेवर पोचवते, हेही पोचवेल.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली. त्यांनी माझ्या देखत सह्या केल्या.

ठिकाण : गॅरेज, लेथची बाजू
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार पहिले : (सही) समोरचे शिंपी

साक्षीदार दुसरे : (सही) धाकटे. सहीखाली, वकिलांनी नको म्हटले असतानाही, त्यांच्याच अक्षरात : "कलम पाच दोनदा वाचले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दादाचा भाऊ."